‘इतर’ या रकान्यातली मुंबई

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी चार दिवस वाहनं मोजायचं काम केलं. मस्जिद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, पी. डि’मेलो रोडला येऊन मिळणाऱ्या एका नाक्यावर. सकाळी सहाला पाळी सुरू व्हायची. पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला छापील तक्ता आणि दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. मोटार, टॅक्सी, दुचाकी, बस, टेम्पो, ट्रक, ट्रेलर अशा रकान्यांत उभ्या रेघा मारायच्या, पाचवी रेघ आडवी ओढून जुडी बांधायची. शेवटचा रकाना ‘इतर’. हातगाड्या त्यात जायच्या.

साडेनऊच्या सुमाराला लोकलमधून उतरलेली माणसं दाणाबंदरच्या पेढ्यांकडे निघाली की नाका भरून जायचा. फूटपाथवर गोण्यांच्या थप्प्या, म्हणून माणसं रस्त्यावर. एक माथाडी पुढून हातगाडी ओढायचा, मागून दोघं रेटायचे आणि त्यांच्यामागचा ट्रक त्यांच्याच वेगाने चालायचा. मी सुपरवायझरना विचारलं, माणसं कुठल्या रकान्यात लिहू? त्यांनी तक्ता हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “माणसांचा रकाना नाहीये. गाड्या लिही.” त्यांची चूक नव्हती, त्यांना मिळालेला तक्ताच तसा होता. त्या चार दिवसांत मी काही हजार रेघा मारल्या. त्या नाक्यावर संख्येने सर्वांत जास्त जे होते, त्यांच्यासाठी एकही रेघ पडली नाही.

हे मनातून गेलं नाही, कारण पुढे शिकताना कळलं की असे तक्ते कुठे जातात. ते संगणकात जातात. तिथे शहराचं एक प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, उभं केलेलं असतं. त्यात रस्ते असतात, सिग्नल असतात, आपल्या रेघांतून जन्मलेली वाहनं असतात. उड्डाणपूल बांधला तर काय होईल, बोगदा काढला तर किती मिनिटं वाचतील, एखादा पूल दोन वर्षं बंद ठेवला तर गर्दी कुठे तुंबेल, हे तिथे आधी चालवून पाहतात; यालाच सिम्युलेशन म्हणतात. त्यातून निघालेले आकडे प्रकल्प अहवालात जातात आणि त्या अहवालावर हजारो कोटी रुपयांची सही होते.

अशी संगणकावरची मुंबई असलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. सव्वा कोटी माणसांच्या शहरात खऱ्या रस्त्यावर चुका करून शिकणं फार महाग पडतं. पण ही दुसरी मुंबई लोकांच्या पैशातून उभी राहते, म्हणून ती लोकांना उघडून पाहता आली पाहिजे. तिच्यात वाहनांच्या आधी माणसं मोजली गेली पाहिजेत. आणि तिने वर्तवलेलं भाकीत पुढे खरं ठरलं की नाही, याचा जमाखर्च जाहीर झाला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते का म्हणतो हे सांगायला थोडं आतल्या यंत्रात शिरावं लागेल.

मोठ्या प्रदेशाचं मॉडेल साधारण चार पायऱ्यांनी चालतं. आधी प्रदेशाचे झोन पाडायचे आणि कुठल्या झोनमधून रोज किती फेऱ्या निघतात ते काढायचं. मग त्या कुठे जातात, मग कशाने जातात आणि शेवटी कुठल्या रस्त्याने जातात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून घडली. तिथे तेव्हा घरोघर मोटारी येत होत्या आणि त्यांच्यासाठी किती रुंद रस्ते लागतील, हाच मुख्य प्रश्न होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या विल्बर स्मिथ कंपनीने मुंबईचा वाहतूक अभ्यास केला, तोही त्याच वळणाचा. आज आपण ज्यांना सी लिंक आणि फ्रीवे म्हणतो, त्या किनाऱ्यालगतच्या जलदमार्गांची मुळं त्या काळच्या विचारात सापडतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या एका अहवालातला प्रश्न आजही आपले रस्ते ठरवतो आहे. प्रश्न कसा विचारला गेला, याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

दुसऱ्या जातीचं मॉडेल बारीक असतं. त्यात प्रत्येक गाडी वेगळी चालते. याचं सर्वांत सुंदर आणि सोपं रूप १९९२ मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलं. रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडायचे, एका चौकोनात एकच गाडी. प्रत्येक गाडीला चार नियम: जमलं तर वेग वाढव, पुढे गाडी असेल तर अंतराप्रमाणे कमी कर, अधूनमधून विनाकारण थोडी हळू हो आणि मग पुढे सरक. बस्स. या चार नियमांवर चालणारा रस्ता गाड्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की आपोआप तुंबतो. अपघात नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही, तरी कोंडी होते आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकते. पूर्व द्रुतगती मार्गावर आपण अर्धा तास रखडतो, मग अचानक रस्ता मोकळा होतो आणि पुढे काहीच घडलेलं दिसत नाही. त्याचं उत्तर या चार नियमांत आहे. पहिल्यांदा हे पडद्यावर चालताना पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो. एवढ्या साध्या गोष्टीतून एवढं खरं काही निघतं, म्हणूनच मला या शास्त्राबद्दल आदर आहे.

पण तो साडेसात मीटरचा चौकोन मुंबईत आणा. त्यात एक रिक्षा, तिच्या डाव्या अंगाला दोन दुचाकी आणि त्यांच्या मधल्या फटीतून पलीकडे जाणारा सायकलवरचा इडलीवाला मावतो. आपल्याकडे रस्त्यावर लेन रंगवलेली असते, वाहनं मात्र जागा मिळेल तशी भरत जातात, तांदळाच्या पोत्यात राई ओतावी तशी. सिग्नलला गाड्या थांबल्या की दुचाकी झिरपत पुढे येतात. व्यवसायात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘विसिम’ या जर्मन सॉफ्टवेअरच्या पोटात वीडेमान यांचं १९७४ चं चालक-मॉडेल आहे. एका लेनमध्ये पुढच्या गाडीकडे पाहून मागचा चालक पाय कधी उचलतो आणि कधी दाबतो, याचं ते वर्णन आहे. आपल्या रस्त्यासाठी ते जसंच्या तसं चालत नाही. आतली मापं बदलून, खऱ्या चौकाच्या चित्रीकरणाशी ताडून ते जुळवून घ्यावं लागतं. हे काम आपल्या संस्थांनी मन लावून केलं आहे. पवईच्या आयआयटीत मिश्र वाहतुकीच्या सिम्युलेशनवर संशोधन झालं आहे. भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचं स्वतंत्र मॅन्युअल २०१७ मध्ये निघालं आहे. तेव्हा आमच्याकडची वाहतूक बेशिस्त आहे, ती गणितात बसत नाही, हे म्हणणं आता सोडून द्यावं. ती बसते. बसवणाऱ्याने कुठल्या चौकातून, कुठल्या महिन्यात, किती तासांचं चित्रीकरण घेतलं, हे मात्र कळायला हवं. जानेवारीतल्या कोरड्या मंगळवारी मोजलेला अंधेरीचा सबवे आणि जुलैमध्ये भरतीच्या वेळी तासभर पाऊस कोसळल्यानंतरचा तोच सबवे हे दोन वेगळे रस्ते आहेत. पाणी साचलं की पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी एक वाट नकाशावरून पुसली जाते आणि तिची सगळी गर्दी पुढच्या पुलावर जाते. वर्षातले चार महिने मॉडेलच्या बाहेर ठेवून मुंबईचं मॉडेल होत नाही.

आता त्या रकान्यांकडे परत येतो, कारण खरा पेच तिथे आहे. वेगवेगळ्या वाहनांची बेरीज करायची तर एक समान माप लागतं. ते माप आहे पॅसेंजर कार युनिट, म्हणजे पीसीयू. मोटार म्हणजे एक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांत बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३ आणि सायकल अर्ध्याच्या आसपास धरली आहे. जागा कोण किती अडवतं, एवढंच हे माप सांगतं आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण बेरीज एकदा पीसीयूमध्ये झाली की बसमधली साठ माणसं त्या आकड्यातून नाहीशी होतात. उरते ती चार मोटारींची जागा खाणारी एक अवजड वस्तू.

एक साधं गणित करून पाहू. एका सिग्नलवरून तासाला हजार पीसीयू जातात असं धरा. सगळ्या मोटारी असतील आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस असेल, तर दीड हजार माणसं पलीकडे गेली. आता त्यात शंभर बस घाला. कडक माप लावून ३.७ ने त्यांचे ३७० पीसीयू झाले. प्रत्येक बसमध्ये पन्नास माणसं धरली तर पाच हजार माणसं, आणि उरलेल्या ६३० पीसीयूमध्ये मोटारी आहेतच. रस्ता तोच, हिरवा दिवाही तेवढाच, पण पलीकडे पोचलेली माणसं जवळजवळ चौपट. मॉडेलला जर ‘वाहनांचा सरासरी विलंब कमी कर’ असं उद्दिष्ट दिलं, तर शंभर बस त्याला अडचण वाटणार. ‘माणसांचा विलंब कमी कर’ असं सांगितलं, तर तेच मॉडेल बससाठी वेगळी मार्गिका मागेल. यंत्राने काहीच लपवलेलं नसतं. आपण त्याला काय विचारलं, तेवढंच ते सांगतं.

आणि हे विचारायचं कसं, ते आपण कागदावर केव्हाच ठरवलं आहे. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसं केंद्रस्थानी ठेवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये पूर्ण केलेल्या महानगर प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात रोजच्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात, असं दिसलं. वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांमध्ये निम्म्याच्या आसपास लोकलने, पाव बसने आणि खासगी मोटारीने शंभरात पाचेक. म्हणजे घरोघर जाऊन विचारलं तेव्हा मुंबई चालणारी आणि लोकलने जाणारी निघाली. रस्त्यावर उभं राहून मोजलं तेव्हा ती मोटारींची निघाली. पुढची पंधरा वर्षं आपण रस्त्यावर उभं राहून मोजलेल्या मुंबईसाठी बांधत आलो. त्याच काळात बेस्टचा ताफा चार हजारांवरून उतरत तीन हजारांच्या खाली आला. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपये केलं तेव्हा थांब्यांवर रांगा वाढल्या. माणसं बसमध्ये यायला तयार होती.

चालणाऱ्या माणसाचं सिम्युलेशन करता येत नाही, असंही नाही. गर्दीतली माणसं एकमेकांना टाळत, ढकलत, वाट काढत कशी जातात याचं मॉडेल हेल्बिंग आणि मोलनार यांनी १९९५ मध्ये दिलं आणि आज ते बाजारातल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, परळ-लोअर परळला रोज उतरणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली होती आणि जिना तेवढाच होता. नव्या इमारतीला किती मोटारींचं पार्किंग लागेल, याचं गणित नियमात बसवलेलं असतं. तिच्यात येणारी पाच हजार माणसं कुठल्या जिन्यावरून उतरतील, हे गणित त्याच टेबलावर, त्याच दिवशी मांडलं गेलं पाहिजे. त्या २३ जणांचं आपण एवढं तरी देणं लागतो.

मुंबई बंदराचं शहर आहे, ही गोष्ट तिच्या वाहतुकीबद्दल बोलताना हल्ली कुणी काढत नाही. मी ज्या नाक्यावर उभा होतो, तो रस्ता बंदरानेच घडवला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट ही दारं रंगांवरून ओळखली जायची आणि त्यांच्या समोरचा रस्ता गोदी कामगारांचे नेते पी. डि’मेलो यांच्या नावाने ओळखला जातो. मग १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. आपल्याला वाटलं, बंदर शहरातून गेलं. ते गेलं नाही, पसरलं. २०२४-२५ मध्ये न्हावा-शेव्याने ७० लाखांहून जास्त टीईयू कंटेनर हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. यातले बरेच कंटेनर रस्त्याने ट्रेलरवर चढून जातात. भिवंडीच्या गोदामांकडे, कळंबोलीकडे, गुजरातकडे. त्यांची वाट शिळफाट्यावरून, मुंब्रा बायपासवरून, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून जाते. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवला, तेव्हा ऐरोली, मुलुंड आणि ठाण्याच्या लोकांना कळलं की त्यांच्या घरासमोरची वाहतूक बंदरावरून ठरते.

चार पायऱ्यांच्या मॉडेलचा पाया घरोघरी भरलेल्या प्रश्नावलीचा असतो. माणूस सकाळी निघतो, संध्याकाळी परततो, त्यावर ते उभं आहे. मालाचा दिवस तसा नसतो. जहाज लागलं की लाट सुटते. आयात कंटेनर ठरावीक मोफत दिवसांत उचलला नाही तर भाडं चढतं, म्हणून सगळे एकदम उचलायला येतात. निर्यातीच्या कंटेनरला जहाजाची ‘कट-ऑफ’ वेळ असते, ती चुकली तर माल पुढच्या जहाजापर्यंत पडून राहतो, म्हणून ट्रेलर आदल्या रात्रीपासून गेटच्या दिशेने सरकू लागतात. त्यातच शहरांच्या हद्दीत अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळची बंदी. बंदी सुरू झाली की चालक जिथे असेल तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, कारण थांबायला दुसरी जागाच नसते. बंदी उठली की शेकडो ट्रेलर एकाच मिनिटाला इंजिन सुरू करतात. रात्री नऊ-दहाला घोडबंदरवर अडकलेल्या माणसाला वाटतं, ही गर्दी आली कुठून? ती आपणच दुपारपासून साठवून ठेवलेली असते.

हे सगळं सिम्युलेशनमध्ये उत्तम दाखवता येतं. बंदराच्या आतली हालचाल, म्हणजे क्रेन, यार्ड, गेट यांचं प्रतिरूप जगभरची बंदरं वापरतात. गेटपलीकडच्या रस्त्याचं मॉडेल वेगळं असतं आणि ते वेगळ्या खात्याकडे असतं. ही दोन एकमेकांना जोडली पाहिजेत. त्यासाठी लागणारी माहिती हाताशी आहे. न्हावा-शेव्यातून जाणाऱ्या कंटेनरवर २०१६ पासून आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप, लागतो; कंटेनर कुठल्या टोलनाक्यावरून कधी गेला याची नोंद होते. ही नोंद मालवाल्याला आपला कंटेनर शोधायला उपयोगी पडते. तीच नोंद, कुणाचंही नाव न ठेवता, शहराच्या वाहतूक नियोजनाला द्या. मग बंदीच्या वेळा सरसकट ठेवण्याऐवजी जहाजांच्या वेळापत्रकाप्रमाणे हलवता येतील का, कळंबोली किंवा शिळफाट्याला किती ट्रेलरांचा तळ लागेल, त्या तळावर चालकाला अंघोळीला आणि झोपायला किती जागा लागेल, हे चालवून पाहता येईल. तो चालकही शहराचा प्रवासीच आहे. तो फेरीवर पैसे कमावतो आणि रांगेतल्या तासांचे त्याला कुणी देत नाही.

भाकितं चुकतात. त्याबद्दल मॉडेल करणाऱ्याला दोषी ठरवून टाकणं मला मान्य नाही. उद्या काय होईल हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. पण चुका एकाच बाजूला झुकत असतील तर कारण शोधलं पाहिजे. बेंट फ्लूबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० प्रकल्पांची भाकितं प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. रेल्वे प्रकल्पांत प्रवासी दहापैकी नऊ वेळा फुगवून सांगितलेले निघाले, सरासरी दुपटीहून जास्त. रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत अंदाज वीस टक्क्यांहून अधिक चुकला होता. आपल्याकडचं ताजं उदाहरण अटल सेतूचं. शिवडी ते न्हावा-शेवा, २१.८ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन. रोज सत्तर हजारांच्या आसपास वाहनं जातील, असं तेव्हा सांगितलं गेलं. पहिल्या वर्षात रोजची सरासरी बावीस-तेवीस हजारांची राहिली. टोल मोटारीला एका फेरीला २५० रुपये, दुचाकी आणि रिक्षांना बंदी, पलीकडची वस्ती अजून भरायची आहे. कारणं समजण्यासारखी आहेत. मग ती मॉडेलमध्ये काय धरली होती? टोल किती मानला होता? पलीकडे कुठल्या वर्षी किती घरं भरलेली धरली होती? हे आकडे समोर आले तर पुढच्या पुलाचा अंदाज बरा होईल. सेतू बांधायला नको होता असं मी म्हणत नाही. त्याची वही सर्वांना वाचायला मिळावी, एवढं म्हणतो.

उलट बाजूचं उदाहरण पूर्व मुक्त मार्गाचं, म्हणजे फ्रीवेचं. २०१३ मध्ये तो खुला झाला आणि चेंबूरहून ऑरेंज गेटपर्यंतचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांवर आला. वाहनं आली, भरभरून आली. आणि ऑरेंज गेटला उतरून पुन्हा त्याच पी. डि’मेलो रोडवर उभी राहिली. वाचवलेली मिनिटं शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये परत द्यावी लागली. आता ती कोंडी फोडायला ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा, बराचसा बोगद्यातून जाणारा मार्ग बांधला जातो आहे. रस्ता वाढवला की गर्दी वाढते आणि कोंडी पुढच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, हे मुंबईने गेल्या तीस वर्षांत उड्डाणपुलामागून उड्डाणपूल बांधून अनुभवलं आहे. १९६८ मध्ये डिट्रिक ब्रेस या गणितज्ञाने तर दाखवून दिलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. जे मॉडेल नव्या रस्त्यामुळे निघणाऱ्या नव्या फेऱ्या धरत नाही, ते दर वेळी रस्ताच मागणार.

आणि आपल्याला तपासणीच्या संधी किती मिळाल्या! अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याच महिन्यात कर्नाक पूल पाडला. २०२४ मध्ये सायनचा पूल, २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा. रुळांनी उभ्या चिरलेल्या या शहरात पूर्व-पश्चिम जोडणारा एकेक पूल म्हणजे एकेक नस आहे. ती बंद केल्यावर रक्त कुठून फिरतं, हे दिवसागणिक दिसत होतं. कुठल्याही प्रयोगशाळेला असा प्रयोग परवडणार नाही. बंद करण्याआधी मॉडेलने काय सांगितलं होतं आणि बंद केल्यावर काय झालं, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले असते, तर प्रत्येक पुलानंतर आपलं मॉडेल शहाणं झालं असतं. सायनला शाळेला जाणाऱ्या मुलांना, परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलला पोचणाऱ्या रुग्णांना जो वळसा पडला, त्याची किंमत त्यांनी भरलीच आहे. त्यातून निदान शिकायला हवं.

याला घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत. एक असा की, सामान्य माणसाला यातलं काय कळणार? बेस्टच्या वाहकाला विचारा की कुठल्या सिग्नलला बस किती वेळ अडते. वडाळ्याच्या ट्रकतळावरच्या चालकाला विचारा. मॉडेलमधली चूक पकडायला समीकरणं यावी लागत नाहीत. ‘या चौकात संध्याकाळी सहाला तुम्ही धरली आहे तेवढी डावीकडे वळणारी वाहनं नसतात, तिथे भाजीवाले बसतात’ असं सांगणारा माणूस पुरतो. शिवाय साधनं आता महाग राहिलेली नाहीत. जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्राने २००१ पासून घडवलेलं ‘सुमो’ हे सिम्युलेशन फुकट मिळतं, रस्त्यांचा खुला नकाशाही फुकट मिळतो. माटुंग्याच्या किंवा अंधेरीच्या कॉलेजातली मुलगी आपल्या लॅपटॉपवर दादर टीटीचा चौक उभा करू शकते. तिच्याकडे नसते ती माहिती: सिग्नलच्या वेळा, बसच्या तिकिटांच्या नोंदी, गणतीचे तक्ते. ते सार्वजनिक संस्थांच्या कपाटात आहेत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आखणी आधी फुटली तर जमिनीचे दलाल फायदा उठवतील. खरं आहे, उठवतील. पण ज्यांना ती माहिती मिळवायची असते त्यांना ती आजही मिळते. मिळत नाही ती शिवडीच्या चाळीतल्या भाडेकरूला, कोळीवाड्यातल्या बाईला. आणि मॉडेल उघडं करणं म्हणजे प्रत्येक प्रकल्पाची रेघ आधी छापणं नव्हे. आजची वाहतूक, गृहीतकं, मोजणी आणि झालेल्या प्रकल्पांचा ताळा, एवढं उघडं करायला कुणाची जमीन आड येत नाही. स्टॉकहोमने हे धैर्य दाखवलं. शहरात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं तर काय होईल, याचा अंदाज आधी मांडला, २००६ मध्ये जानेवारी ते जुलै प्रत्यक्ष लावून पाहिलं, मोजलेले आकडे लोकांसमोर ठेवले आणि मग सार्वमत घेतलं. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली होती. सुरुवातीला विरोधात असलेल्या लोकांनी कायम शुल्काच्या बाजूने कौल दिला, कारण भाकीत आणि अनुभव दोन्ही त्यांनी स्वतः पाहिले होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. तो निर्णय बरोबर असेल किंवा चूक, पण त्याने वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसरला किती वाहनं वाढणार, हा आकडा निर्णयाच्या आधी लोकांसमोर यायला हवा होता.

ऑरेंज गेटचा बोगदा अजून पुरा व्हायचा आहे. म्हणून एक काम अजून वेळेत करता येण्यासारखं आहे. बोगदा खुला झाल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी त्याच्या दोन्ही तोंडांशी गर्दीच्या तासाला किती वाहनं असतील, मरीन ड्राइव्हच्या सिग्नलला किती मिनिटं थांबावं लागेल, तिथून धावणाऱ्या बेस्टच्या बसला किती उशीर होईल आणि पी. डि’मेलो रोड ओलांडायला पायी माणसाला किती वेळ लागेल, हे आकडे मॉडेलमधून काढून आजच्या तारखेनिशी जाहीर करावेत. त्या त्या वर्षी पुन्हा मोजणी करून शेजारी लिहावेत. आणि मस्जिद बंदरच्या त्या नाक्यावर पुढच्या वेळी जो विद्यार्थी पुठ्ठा घेऊन उभा राहील, त्याच्या तक्त्यात दोन रकाने छापून द्यावेत: एक पायी चालणाऱ्यांचा आणि एक हातगाडीचा, तिच्या स्वतःच्या नावाने.